युद्धाच्या वर्षांत बडोद्याच्या एखाद्या वस्तीत किती मुलं जन्मली, ते कसं काढायचं: सविस्तर मार्गदर्शक

१९३९ ते १९४५ या युद्धाच्या वर्षांत आपल्या भागात, म्हंजे समजा सयाजीगंज, फत्तेगंज किंवा तेव्हा गावाबाहेर असलेल्या अकोटा-गोरव्याकडे, किती मुलं जन्मली आणि जन्मदर किती होता हे शोधायचं म्हटलं की जो तो आधी जन्माच्या रजिस्टरवर तुटून पडतो. साहजिक आहे, पण त्यात फसायला होतं. युद्धात माणसं इतकी हलतात की आधी बिघडतो तो लोकसंख्येचा आकडा, जन्माचा त्यानंतर. आणि जन्मदर म्हंजे शेवटी जन्म भागिले लोकसंख्या गुणिले हजार, त्यामुळे खालचा आकडा कच्चा असेल तर वरच्यावर कितीही घाम गाळा, उत्तर हुकणारच. म्हणून खाली मी लोकसंख्येवर मुद्दाम जास्त वेळ घालवलाय, कंटाळा आला तरी तो भाग सोडू नका.

युनिव्हर्सिटीत प्रोजेक्ट करणारी मुलं, आपल्या पोळेचा (पोळ म्हंजे जुन्या शहरातली गल्लीवस्ती) किंवा वाड्याचा इतिहास लिहिणारे आणि घरचा कुलवृत्तांत नव्याने करायला घेतलेले लोक, या सगळ्यांना चालेल अशी रीत आहे. गणित दहावीच्या वरचं नाही.

आधी हद्द पक्की करा

आजचा नकाशा बाजूला ठेवा. १९४१ मध्ये बडोदे शहराची लोकसंख्या होती सुमारे १ लाख ५३ हजार. अकोटा, जेतलपूर, गोरवा, निजामपुरा ही तेव्हा शहराला लागून असलेली गावं, त्यांचे आकडे शहराच्या कोष्टकात सापडणार नाहीत, तालुक्याच्या गाववार यादीत बघावे लागतील. फत्तेगंजकडे छावणी म्हंजे कॅम्प, तिचा आकडा शहरात धरलाय का वेगळा दिलाय हे तळटीपेत असतं आणि तळटीप कोणी वाचत नाही, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. जनगणनेच्या शहरात कॅम्प आहे आणि तुम्ही मोजलेल्या जन्मांत कॅम्प नाही असं झालं की दर आपोआप खाली येतो आणि मग लोक लिहून मोकळे होतात की युद्धामुळे जन्म घटले.

एक साधी वही करा. डाव्या बाजूला वस्तीचं नाव, मधे ती १९३१, १९४१ आणि १९५१ च्या जनगणनेत कुठल्या शीर्षकाखाली येते ते, उजवीकडे तिथले जन्म कुठल्या कचेरीत नोंदले जायचे ते. तिन्ही रकाने एकमेकांशी जुळत नाहीत तोवर एकही जन्म मोजू नका.

कागद कुठे मिळतील? १९४१ च्या जनगणनेचा बडोद्याचा खंड १७ वा आहे, राज्याचे जनगणना अधिकारी होते सत्यव्रत मुकर्जी, १९३१ चं कामही त्यांनीच केलं होतं आणि तो खंड १९ वा. जुने खंड आता जनगणना खात्याच्या डिजिटल लायब्ररीत घरबसल्या उघडतात. छापील बघायचे तर हंसा मेहता लायब्ररी आणि मांडवीची सेंट्रल लायब्ररी या दोन ठिकाणी आधी विचारा. राज्याचे वार्षिक कारभार अहवाल आणि इतर दप्तर यासाठी कोठीकडचं रेकॉर्ड ऑफिस, म्हंजे गुजरात सरकारच्या अभिलेखागाराची इथली कचेरी. जाताना ओळखपत्र आणि कॉलेजचं किंवा संस्थेचं पत्र न्या, आणि कुठलं वर्ष, कुठलं खातं हे अर्जात नेमकं लिहा. नुसतं ‘जन्माची माहिती हवी’ लिहिलं तर समोरचा माणूस कितीही भला असला तरी काय काढून देणार?

वर्ष कुठलं ते बघा

बडोदे राज्याचं कारभारी वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपायचं. अहवालात १९४२-४३ लिहिलंय म्हंजे ऑगस्ट ४२ ते जुलै ४३. हे आर्थिक वर्षासारखं एप्रिल-मार्च नाही आणि जानेवारी-डिसेंबरही नाही. त्यामुळे शेजारच्या ब्रिटिश जिल्ह्याच्या कॅलेंडर वर्षाशी सरळ तुलना केली की पाच महिन्यांचा फरक पडतो. शिवाय ‘मध्यवर्षीय लोकसंख्या’ म्हणून सवयीने १ जुलैची घेतात, इथे मध्य येतो १ फेब्रुवारीला.

मूळ नोंदीत विक्रम संवत असेल तर गुजराती संवत कार्तिकात बदलतो हे लक्षात ठेवा. दिवाळीनंतरच्या पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर संवतातून ५७ वजा, १ जानेवारीपासून दिवाळीपर्यंतची असेल तर ५६ वजा. संवत १९९८ चा कार्तिक म्हंजे १९४१, त्याच संवताचा आसो (आपला आश्विन) म्हंजे १९४२. घरच्या कागदांत शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतचं असेल तर ७९. एक बरं आहे, गुजरातीत आणि आपल्यात महिना अमावास्येलाच संपतो, त्यामुळे सुद-वद आणि शुद्ध-वद्य जसंच्या तसं जुळतं. इंदूर-ग्वाल्हेरकडचे नातेवाईक तिथल्या हिंदी पंचांगाप्रमाणे सांगत असतील तर मात्र वद्य पक्षात महिन्याचं नाव एकाने पुढे असतं, ते सुधारून घ्या.

रजिस्टर वाचताना

राज्याचा कारभार गुजरातीत, त्यामुळे नोंदी गुजरातीत. आपल्याला अक्षर येतं पण आकडे घात करतात, गुजराती पाच हा गुजराती ‘प’ सारखा दिसतो आणि घाईत लिहिलेले एक आणि नऊ एकमेकांत मिसळतात. शंका आली की त्याच पानावरचा अनुक्रमांक बघा, त्याच हाताने ओळीने लिहिलेले आकडे तिथे असतात, तीच तुमची किल्ली.

अशा पानावर बहुतेक वेळा बाळाचं नाव नसतं. बापाचं नाव, जात, धंदा, मोहल्ला, मुलगा की मुलगी, बस. कारण नोंद झाली तेव्हा बारसंच झालेलं नसायचं. नाव नाही म्हणून नोंद अर्धवट समजून गाळू नका, ती पूर्ण नोंद आहे. उलट दोनदा आलेल्या नोंदींवर लक्ष ठेवा: दवाखान्याने एकदा कळवलं आणि घरच्यांनी परत एकदा, तारखेत एखाद्या दिवसाचा फरक, बापाचं नाव तेच. जुळी असतील तर दोन ओळी हव्यात. मृत जन्मलेलं मूल वेगळं मोजायचं, जिवंत जन्मांत मिळवायचं नाही. आणि मोजणी नेहमी जन्मतारखेवरून करायची, नोंद झाल्याच्या तारखेवरून नको, कारण उशिरा केलेल्या नोंदी एकगठ्ठा येतात आणि एखादा महिना उगाच फुगतो.

मुलींच्या नोंदी सुटल्यात का ते बघायला मुलगे-मुलींचं प्रमाण काढतात, साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. पण वस्ती लहान असेल तर जपून. २४० जन्म असतील तर मुलगे १०८ ते १३८ यातला कुठलाही आकडा निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. चार-पाच वर्षं एकत्र घेऊनही १०० मुलींमागे मुलगे ११५ च्या वर राहिले आणि एकूण जन्म हजाराच्या वर असतील, तेव्हा कुठे शंका घ्यायला जागा आहे.

बाळ कुठलं? माहेरचं की सासरचं?

हा प्रश्न आपल्या मराठी घरांत सगळ्यात मोठा आहे आणि बाहेरून आलेल्या अभ्यासकाला तो पटकन सुचत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. दांडिया बाजारातली सून पुण्याला किंवा साताऱ्याला गेली, बाळ तिकडे नोंदलं गेलं, तीन-चार महिन्यांनी दोघं परत आली. ते मूल बडोद्याच्या लोकसंख्येत आहे पण बडोद्याच्या जन्मांत नाही. उलट रावपुऱ्याची लेक इंदूरला दिलेली, ती बाळंतपणाला इथे आली, तिचं मूल इथल्या जन्मांत आहे आणि लोकसंख्येत नाही. शांततेच्या काळात हे जाणं-येणं बऱ्यापैकी एकमेकांना छेदून जातं. युद्धात ते जात नाही. नवरा फौजेत भरती झाला की बायको पहिल्याच काय, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही माहेरी राहते, आणि १९४५ पर्यंत भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती. २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर बॉम्ब पडले आणि ब्रह्मदेशातून लाखो माणसं जमेल तशी परत आली, ४२ च्या एप्रिलमध्ये मद्रास जवळजवळ रिकामं झालं, किनाऱ्यावरच्या शहरांतून लोकांनी बायकामुलं आतल्या गावांना पाठवली. अशा वेळी जिथे सुरक्षित वाटतं तिथले जन्म वाढतात आणि जिथून माणसं निघाली तिथले घटतात, एकाही जोडप्याने मूल जास्त की कमी असं काही ठरवलेलं नसताना.

म्हणून प्रत्येक नोंदीला तीन खुणांपैकी एक करा. ‘इथलं’, म्हंजे आईबापांचं राहणं त्याच वस्तीत. ‘पाहुणं’, म्हंजे बापाचा पत्ता बाहेरगावचा किंवा पत्त्याच्या जागी आजोबांचं घर. आणि ‘कळत नाही’. मग आकडे दोन ठेवा, इथे झालेले जन्म एक आणि इथल्या लोकांचे जन्म दुसरा. दुसऱ्यात बाहेर झालेली आपली मुलं नाहीत हे मान्य आहे, त्यांचा अंदाज घरोघरच्या पत्रिकांवरून आणि कुलवृत्तांतांवरून येतो, त्याबद्दल पुढे.

विलायतेत हाच प्रश्न त्यांनी कागदावर सोडवला होता. तिथे जन्म कुठेही झाला तरी आकडा आईच्या राहत्या जिल्ह्याच्या खात्यात टाकायची पद्धत युद्धाआधीपासून होती. ती नसती तर १९३९ च्या सप्टेंबरात पहिल्या काही दिवसांतच लंडन आणि इतर मोठ्या शहरांतून सरकारी बंदोबस्तात जी सुमारे १५ लाख माणसं बाहेर हलवली, ज्यांत गरोदर बायाही होत्या, त्यांची मुलं खेड्यापाड्यांतल्या तात्पुरत्या प्रसूतिगृहांत जन्मली आणि लंडनच्या उपनगरांत पाळणा बंद पडला असंच दिसलं असतं. आपल्याकडे ही बदली कोणी करून ठेवलेली नाही. ती आपल्यालाच हाताने करायचीय.

खालचा आकडा: लोकसंख्या

इथे थांबून नीट वाचा.

१९४१ ची जनगणना युद्धात झाली. देशाचे जनगणना आयुक्त होते यीट्स. मोजणी झाली, एकूण आकडा आला ३८ कोटी ९० लाखांच्या आसपास, पण पुढच्या कोष्टकांवर काट मारली गेली, पैसा आणि माणसं दोन्ही युद्धाकडे वळलेली. त्यामुळे १९३१ ला सहज मिळणारी वयाची सविस्तर कोष्टकं १९४१ ला तशी मिळत नाहीत, दर पन्नासाव्या माणसाची नोंदचिठ्ठी म्हंजे दोन टक्के नमुना बाजूला काढून ठेवला होता, वयाचा अंदाज नंतर त्यावरून केला गेला. एका वस्तीपुरत्या १५ ते ४९ वयाच्या बायका किती होत्या हे १९४१ वरून थेट विचारू नका. दुसरा बदल असा की त्याआधी एका रात्रीत जो जिथे सापडेल तिथे मोजायची रीत होती, १९४१ ला ती सोडून राहत्या ठिकाणाप्रमाणे मोजलं. आपल्या कामासाठी हे चांगलंच झालं, पण १९३१ शी तुलना करताना हा फरक डोक्यात ठेवा.

१९३१ चा आकडाही धुतल्या तांदळासारखा नाही. सविनय कायदेभंगाचे दिवस, काँग्रेसने जनगणनेवर बहिष्कार टाकला होता, ११ जानेवारी १९३१ हा त्याचा दिवस पाळला गेला, आणि ब्रिटिश गुजरातेतून, बार्डोलीसारख्या भागातून, शेतसारा न भरणारे शेतकरी सीमा ओलांडून गायकवाडी गावांत येऊन राहिले होते. सीमेवरच्या गावांत तेव्हा पाहुणी माणसंही मोजली गेली. शहराला याचा फटका कमी, पण तुमची वस्ती जुनं गाव असेल तर विचारात घ्या.

आता मधल्या वर्षाचा आकडा कसा काढायचा ते करून दाखवतो. शहर १९३१ ला सुमारे १ लाख १३ हजार, १९४१ ला १ लाख ५३ हजार, १९५१ ला २ लाख ११ हजार. पहिल्या दशकात वाढ साधारण ३६ टक्के, म्हंजे वर्षाला ३.१. दुसऱ्या दशकात ३८ टक्के, वर्षाला ३.३. आपल्याला हवंय १९४२-४३ हे वर्ष, त्याचा मध्य १ फेब्रुवारी १९४३, आणि १ मार्च १९४१ पासून तिथपर्यंत १.९२ वर्षं. १ लाख ५३ हजारांवर ३.१ टक्क्यांनी चक्रवाढ केली तर येतात १ लाख ६२ हजारांच्या पुढे, ३.३ ने केली तर १ लाख ६३ हजार. जवळजवळ सारखं.

सारखं आलं म्हणून खूश होऊ नका. १९५१ च्या आकड्यात १९४७ नंतर आलेली सिंधी निर्वासित कुटुंबं आहेत, वारसियाची वसाहत त्यांचीच. ती माणसं युद्धकाळात इथे नव्हती. म्हंजे ४१ ते ५१ ची वाढ सरळ रेषेत झालीच नाही, शेवटच्या चार वर्षांत उडी आहे, आणि ती सगळ्या दशकावर पसरवली तर १९४३ चा आकडा उगाच मोठा निघतो आणि जन्मदर उगाच लहान. दुसऱ्या बाजूला युद्धाने इथे कारखान्यांना काम दिलं, साराभाई केमिकल्स १९४३ मधलं, अलेंबिक आधीपासून होतंच, त्यामुळे कामगार आले असणार. मी अशा वेळी एक आकडा देत नाही, खालची आणि वरची अशा दोन मर्यादा देतो आणि दर दोन्हींवर काढतो.

वस्तीपुरता आकडा हवा तर दोन वाटा आहेत. शहरात त्या वस्तीचा वाटा १९३१ ला किती टक्के आणि १९५१ ला किती टक्के हे काढून मधल्या वर्षाचा टक्का धरायचा. किंवा घरपट्टीच्या खात्यावरून घरं मोजायची आणि दर घरी माणसं किती ते जवळच्या जनगणनेतून घ्यायचं. जुन्या पोळांत पहिली वाट बरी, कारण तिथे घरं तीच राहतात आणि वाड्यात बिऱ्हाडं वाढतात, घरं मोजून काही कळत नाही. सयाजीगंज-अलकापुरीसारख्या नव्याने वसणाऱ्या भागात दुसरी वाट बरी.

रेशनकार्डांची संख्या सापडली तर मोह होतो. मुंबईत मे १९४३ पासून रेशनिंग होतं आणि त्याचे आकडे बरेच वापरले जातात. पण माणूस गेला तरी कार्ड लगेच परत जात नाही आणि नव्या बाळाचं नाव मात्र लगेच चढतं, त्यामुळे रेशनचा आकडा वरच्या मर्यादेसाठी वापरा, त्याहून जास्त भरवसा नको.

आणि सैनिक. ब्रिटनमध्ये युद्धकाळात जिल्ह्यांची लोकसंख्या फक्त नागरिकांची धरायचे. आपणही तेच करायचं. समजा कॅम्पाच्या बाजूला ९,००० माणसं मोजली आणि त्यात १,५०० शिपाई बराकीत राहणारे. वर्षाला जन्म २४०. सगळे धरले तर दर २६.७, शिपाई वगळले तर ३२. जन्म तेवढेच, बायका तेवढ्याच, दरात पाचाहून जास्त फरक. बराक, तुरुंग, वसतिगृह या तिन्ही ठिकाणची डोकी वेगळी काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दर काढणं

आता सोपं आहे. इथल्या लोकांचे जन्म भागिले नागरिक लोकसंख्या गुणिले हजार. लहान वस्तीला तीन वर्षांची सरासरी घ्या. २४० जन्मांचा आकडा नुसत्या योगायोगाने ३० ने इकडेतिकडे होऊ शकतो, त्यामुळे एका वर्षी २४० आणि पुढच्या वर्षी २१५ यावर ‘युद्धाचा परिणाम’ असा मथळा द्यायचा नाही, देवाशप्पथ नाही.

बायकांची संख्या मिळत असेल तर जन्म भागिले १५ ते ४९ वयाच्या बायका हा दर जास्त प्रामाणिक, कारण पुरुष येऊन-जाऊन तो हलत नाही.

आलेला दर मोठ्या आकड्याशी ताडून बघा. १९३१-४१ या दशकात देशाचा खरा जन्मदर हजारी ४५ च्या आसपास असल्याचा अंदाज आहे, आणि त्याच काळात नोंदींवरून निघणारा दर होता ३४ च्या आसपास. म्हंजे चारातलं एक मूल नोंदीत नव्हतं. त्यात जन्मून थोड्याच दिवसांत गेलेली मुलं बरीच, त्यांचा जन्मही नोंदला जायचा नाही आणि मृत्यूही. तुमच्या वस्तीचा दर २८ आला तर आधी ‘नोंदी सुटल्या’ हा विचार करा, ‘लोकांनी मुलं कमी केली’ हा फार नंतर.

कारण शोधताना नऊ महिने मागे जा. डिसेंबर १९४१ ला जपान युद्धात उतरला, त्याचा परिणाम जन्मांवर दिसेल तो सप्टेंबर १९४२ पासून, म्हंजे बडोद्याच्या १९४२-४३ च्या अहवालात. ऑगस्ट ४२ च्या चळवळीचा आणि धरपकडीचा मे ४३ पासून. त्याआधीच्या घसरणीला ही कारणं चिकटवलेली मी छापील लेखांतही बघितलीत. इंग्लंड-वेल्समध्ये दर १९४१ ला १३.९ पर्यंत उतरला, १९४४ ला युद्ध चालू असतानाच १७.७ वर गेला आणि १९४७ ला २०.५. युद्ध म्हंजे घट असं समीकरण तिथेही सरळ बसत नाही.

दुसऱ्या कागदांवरून तपासणी

बडोद्याचं नशीब असं की सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण १८९३ ला अमरेलीत आणि १९०६ पासून राज्यभर सक्तीचं केलं होतं, त्यामुळे शाळांचे जनरल रजिस्टर हा आपल्याकडचा फार मोठा आधार आहे. १९४१ ते ४५ मध्ये जन्मलेली मुलं १९४७ ते ५२ च्या सुमारास शाळेत आली, तिथे जन्मतारीख आणि बऱ्याचदा जन्मगावही लिहिलेलं असतं. जन्मगावाचा रकाना म्हंजे आपल्याला हवी असलेली माहेरची माहितीच. फक्त १ जून ही तारीख ओळीने दिसली तर दचकू नका, मास्तरांनी प्रवेशाच्या सोयीने घातलेली असते. वर्ष घ्या, महिना सोडा.

१९५१ च्या जनगणनेत ५ ते ९ वर्षं पूर्ण झालेली मुलं म्हंजे मार्च १९४१ ते फेब्रुवारी १९४६ मधली, अगदी आपल्याला हवी तीच. त्यात बाहेरून आलेली वजा करा, दगावलेली मिळवा, आणि नोंदलेल्या जन्मांशी ताडा. लोक वय ८ आणि १० सांगतात, ७ आणि ९ कमी सांगतात, त्यामुळे एकेका वर्षाचा आकडा वापरू नका, गट घ्या.

राहिल्या जन्मपत्रिका. घरात ट्रंकेच्या तळाशी सापडणारा तो पिवळा गुंडाळा जन्माच्या जागेसाठी अव्वल पुरावा आहे, कारण ज्योतिषाला गाव लागतंच. पण तारीख जुळवताना दोन गोष्टी. एक, पत्रिकेतला वार सूर्योदयाला बदलतो, पहाटे तीनला जन्मलेलं मूल पत्रिकेत मंगळवारचं आणि रजिस्टरमध्ये बुधवारचं असतं. दोन, १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत देशात घड्याळं तासभर पुढे होती, जुने ज्योतिषी त्याला अजून वॉर टाइम म्हणतात. त्या काळात रात्री साडेबाराला झालेला जन्म एरवीच्या वेळेने आदल्या दिवशी साडेअकराचा. एखाद्या आजीच्या दोन जन्मतारखा निघाल्या की घरात वाद होतो, कोणी म्हणतं रजिस्टर खोटं, कोणी म्हणतं पत्रिका खोटी, आणि बहुतेक वेळा दोन्ही खरी असतात. कुलवृत्तांत मात्र जपून वापरा. मुलगे सगळे असतात, मुली सुटलेल्या असतात, लहानपणी गेलेली मुलं तर नसतातच.

लिहिताना आणि एखादीच नोंद हवी असेल तर

निकाल लिहिताना चार गोष्टी शेजारीच लिहा: हद्द कुठली, वर्ष कुठल्या महिन्यापासून, जन्म इथे झालेले की इथल्यांचे, आणि लोकसंख्येत शिपाई आहेत का. दर एकच न देता खालचा आणि वरचा द्या. नोंदीतली नावं छापू नका, त्यातली पुष्कळ माणसं आज ऐंशीच्या घरात आपल्यातच आहेत.

ज्यांना एवढं सगळं नको, फक्त आई किंवा आजीचा दाखला हवाय, त्यांनी महापालिकेच्या जन्म-मरण विभागात वर्ष, मोहल्ला आणि बापाचं नाव देऊन शोध मागायचा, बाळाचं नाव सांगून शोधायला लावू नका, ते तिथे नसतंच. वर्षाच्या आगेमागे एकेक वर्ष बघायला सांगा. वस्ती तेव्हा गाव असेल तर शहराच्या रजिस्टरमध्ये मिळणार नाही, तालुक्याकडे विचारा. जन्म माहेरी झाला असेल तर अर्ज त्या गावाला. नोंद नाहीच निघाली तर नोंद नसल्याचा दाखला लेखी घ्या, कारण २०२३ च्या दुरुस्तीनंतर वर्षभराहून जुन्या जन्माची नवी नोंद जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने होते आणि तिथे तो कागद पहिला मागतात. सोबत शाळेचा दाखला आणि पत्रिकेची झेरॉक्स जोडा.